ठेक्याची टिपणं

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॅसेटच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताला स्वतंत्र कप्पा नव्हता. सगळं ‘इंग्लिश’मध्ये. प्रत्यक्षात ‘ब्लू’वाले आयफेल 65 इटलीचे, व्हेंगाबॉईज हॉलंडचे, ‘9 पीएम’ करणारा एटीबी जर्मन. हाउस, टेक्नो, ट्रान्स, जंगल ही वेगवेगळी घराणी आहेत हे कळेपर्यंत आमच्या पिढीचं कॉलेज संपलं होतं. आता ते सारं फोनवर मिळतं, आणि पन्नाशीला टेकलेली माणसं ‘गेले ते दिवस’ म्हणून उसासे टाकतात. दिवस नेमके कुणाचे होते, हे फारसं कुणी विचारत नाही.

*

शिकागो, 12 जुलै 1979. बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला. डिस्कोची एक तबकडी आणा आणि 98 सेंटांत आत या, अशी ती योजना. मग गर्दी मैदानात घुसली आणि त्या रात्रीचा दुसरा सामना होऊच शकला नाही. तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा काळा मुलगा पुढे सांगायचा, की लोकांनी आणलेल्या कित्येक तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. त्या फक्त काळ्या कलावंतांच्या होत्या. 1984 मध्ये जेसी सॉन्डर्सचं ‘ऑन अँड ऑन’ आलं. हाउसच्या अगदी पहिल्या तबकड्यांत ते मोजतात. ते रचणाऱ्यांत हा लॉरेन्सही होता.

*

त्याच शहरात वेअरहाउस नावाच्या क्लबात 1977 पासून फ्रँकी नकल्स तबकड्या लावत होता. येणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो, त्यांत समलिंगी पुष्कळ. बाहेर ज्यांना मोकळेपणी नाचता येत नव्हतं, ते इथे सकाळपर्यंत नाचत. हाउस हे नाव याच क्लबावरून पडलं. आज त्याच ठेक्यावर मॉलमध्ये शर्ट विकले जातात.

*

रोलंड कंपनीचं टीबी-303 हे छोटं यंत्र एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून निघालं. बेससारखं ते वाजलंच नाही. 1984 मध्ये उत्पादन बंद झालं आणि उरलेली यंत्रं जुन्या बाजारात पडेल भावाने गेली. शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने असंच एक घेतलं, बटणं भलतीकडे पिळली आणि त्यातून निघालेला चिरका, वळवळता आवाज टेपवर धरला. 1987 चं ‘ॲसिड ट्रॅक्स’ ते हेच. डीजे रॉन हार्डीने ते म्युझिक बॉक्स क्लबात पहिल्यांदा लावलं तेव्हा नाचणारे बाजूला झाले. त्याने त्याच रात्री ते पुन्हा पुन्हा लावलं. चौथ्या खेपेला लोक वेडे झाले. ॲसिड हाउस जन्माला येण्यामागे त्या डीजेचा हट्टही तितकाच आहे.

*

‘ॲसिड ट्रॅक्स’च्या पाच वर्षं आधी, 1982 साली, मुंबईत चरणजित सिंग यांनी तेच 303, 808 हे ड्रमयंत्र आणि ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर घेऊन एक तबकडी केली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवलेले हे गृहस्थ. सिनेमात डिस्कोची लाट होती; त्यांनी तबला बाजूला ठेवला आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मालकंस, मेघमल्हार सुद्धा. तबकडी आली आणि पडून राहिली. 2010 मध्ये ती पुन्हा निघाल्यावर जग चकित झालं: हे तर ॲसिड हाउस!

शिकागोच्या पोरांनी त्यांची नक्कल केली असं मात्र म्हणू नये. यंत्र एक, म्हणून आवाज सारखा. फरक असा, की 303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. शिकागोकरांना तिच्यात विक्षिप्तपणा दिसला, चरणजितांना मींड. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपात जाऊन हे वाजवून आले. 2015 मध्ये मुंबईत वारले.

*

डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन ही तीन काळी मुलं जर्मनीच्या क्राफ्टवेर्कचं संगीत ऐकत वाढली. त्यातून आणि अमेरिकेतल्या फंकमधून त्यांनी टेक्नो घडवलं. भिंत पडल्यानंतरच्या बर्लिनने ते डोक्यावर घेतलं. तिथला ट्रेसोर हा क्लब 1991 मध्ये एका जुन्या डिपार्टमेंटल स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत उघडला. 2024 मध्ये जर्मनीने बर्लिनचं टेक्नो आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातलं. बर्लिनचा त्यावरचा हक्क खरा आहे. पण ज्या शहरात तो ठेका जुळला, त्याचं नाव या वारशाच्या बातमीत शोधावं लागतं.

*

सहा-सात सेकंदांची ड्रमची जागा. द विन्स्टन्स या बँडचं 1969 चं ‘आमेन, ब्रदर’, वाजवणारा ग्रेगरी कोलमन. ध्वनिमुद्रणातले तुकडे उचलणारी सॅम्पलर यंत्रं स्वस्त झाल्यावर इंग्लंडातल्या मुलांनी ती जागा उचलली, वेग वाढवला, तुकडे करून उलटसुलट जोडली. जंगल आणि ड्रम अँड बेस या दोन्ही प्रकारांचा कणा तो. कोलमन 2006 मध्ये वारला. शेवटी त्याला राहायला घर नव्हतं असं सांगतात. या वादनाचा पैसा त्याला कधी मिळाला नाही. 2015 मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला 24,000 पौंड दिले. कोलमनसाठी फार उशीर झाला होता.

*

1994 मध्ये ब्रिटनने उघड्यावरच्या रेव्ह पार्ट्या रोखायला कायदा केला. त्यात संगीताची व्याख्या करताना ‘एकामागून एक येणारे तेच ते ठोके’ असलेले आवाज असा उल्लेख घातला. तो संमत होण्याआधीच ऑटेकर या जोडीने एक तबकडी काढली. तिच्यातल्या एका रचनेत ठोक्यांचं एकही आवर्तन दुसऱ्यासारखं नाही. वेष्टनावर सल्ला छापला होता: तरीही वाजवताना सोबत वकील आणि संगीततज्ज्ञ ठेवावा.

*

गोव्यात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर ऊन, धूळ आणि दमट हवा. तबकड्या वाकायच्या. म्हणून डीजे कॅसेटवर आणि पुढे डॅट टेपवर वाजवत. डॅटवर दोन गाण्यांची लय जुळवणं जमत नसे, म्हणून गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ठेक्याशिवायचे लांब पट्टे ठेवत. गोवा ट्रान्सचा तो अंतराळी आरंभ निम्मा अध्यात्माचा, निम्मा हवामानाचा.

नाचणारे बहुतेक परदेशी. कडेला चटई टाकून, रॉकेलचा दिवा लावून रात्रभर चहा-ऑम्लेट विकणाऱ्या बाया गावच्या. अरुण साल्डान्हा यांनी 2007 च्या ‘सायकेडेलिक व्हाइट’ या पुस्तकात दाखवलंय, की त्या किनाऱ्यावरच्या ‘सगळे एक’ या स्वप्नात गोरेपणाचा एक न दिसणारा गोतावळा होता आणि देशी माणूस त्याच्या बाहेर राहायचा. लंडनच्या एका बड्या ट्रान्स कंपनीने 2000 साली हणजूणवरून स्वतःचं नाव ठेवलं अंजुनाबीट्स. त्या चहावाल्या बायांची नावं कुठल्या तबकडीवर नाहीत.

*

रॉबर्ट माइल्सचं ‘चिल्ड्रन’, 1995. पियानोची ती धून आपल्याकडेही गाडीत वाजायची. इटलीत रात्रभर नाचून पहाटे परतणारी मुलं अपघातात मरत होती. नाच संपताना त्यांची नाडी खाली यावी, हा ती रचण्यामागचा एक हेतू होता. नाचणाऱ्याच्या घरी पोचण्याची काळजी करणारं नाचाचं संगीत विरळाच.

*

पोटप्रकारांची चेष्टा करणं सोपं आहे. हाउस मिनिटाला 120 ते 130 ठोके, ट्रान्स 130 ते 145, ड्रम अँड बेस 170 च्या आसपास, रॉटरडॅमचं गॅबर अनेकदा त्याच्याही पुढे. डबस्टेप 140 वर, पण स्नेअर तिसऱ्या ठोक्यावर पडतो म्हणून चाल निम्म्या लयीची. बैठकीची लावणी आणि फडाची लावणी वेगळी मानणाऱ्यांनी तरी याला हसू नये. या प्रत्येक नावामागे एखादं शहर, एखादं यंत्र, एखादी अडचण उभी आहे. सगळ्याला सरसकट ‘ईडीएम’ म्हटलं की ती पुसली जातात.

*

मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीखालीही आता हाउसचाच सरळ चार ठोक्यांचा ठेका असतो, वर कोळीगीत. तक्रार ठेक्याबद्दल नाही, त्याला छाती फोडण्याचं हत्यार केल्याबद्दल आहे. न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गराजमध्ये, लॅरी लेव्हन वाजवत असे तिथे, रिचर्ड लाँगने बसवलेली ध्वनियंत्रणा दणकट होती, पण तिची ख्याती होती नितळ आवाजासाठी.

*

जुन्या दिवसांची हळहळ करायला हरकत नाही, पण नावं घेऊन करा. नकल्स, कोलमन, लॉरेन्स, चरणजित सिंग. यादी मोठी आहे, यापैकी कुणापासूनही सुरुवात करा. मराठी वाचकाने शक्यतो चरणजितांच्या मालकंसापासून करावी. रात्री ऐका, आणि आवाज शेजाऱ्यांना सोसेल इतकाच ठेवा.