आठवण कोणाकडे सेव्ह होते?

'द वर्ल्ड गॉड ओन्ली नोज' ही तामिकी वाकाकी यांची मांगा २००८ ते २०१४ चालली, २०१० मध्ये तिचं अ‍ॅनिमे आलं. नायक केइमा हा डेटिंग गेम्सचा देव. खऱ्या मुलींचा त्याला कंटाळा. पण नरकातून पळालेले आत्मे मुलींच्या मनातल्या पोकळीत लपतात आणि ती पोकळी प्रेमाने भरली की बाहेर पडतात. मग केइमा गेमचंच लॉजिक लावतो: मुलीचा टाइप ओळखा, योग्य प्रसंग घडवा, एंडिंग मिळवा.

आणि ते चालतं! कारण टाइप ओळखायला आधी नीट बघावं लागतं. ग्रंथालयातली शिओरी मनात खूप बोलते, तोंडातून शब्द फुटत नाही. हे केइमाला कळतं.

आमच्या दीपनगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत, स्थळं बघतानाही लॉजिकच असतं: शिक्षण, पॅकेज, पुण्यात फ्लॅट. मी कोड लिहितो, मला ते सोयीचं वाटतं. पण गेल्या महिन्यात एका मुलीने पोहे बाजूला ठेवून विचारलं, "तुम्हाला राग आला की तुम्ही काय करता?" माझ्याकडे ऑप्शन नव्हते. "गप्प बसतो," मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "किती दिवस?"

केइमाचं काम झालं की मुलीच्या आठवणीतून ते प्रेम पुसलं जातं. सगळं फक्त त्याच्याकडे उरतं. चुकीचं बोललं तरी पुढे हिशोब मागणारं कोणी नाही. त्याची सोय तीच, आणि त्याचा एकटेपणाही तोच.

त्या मुलीला मात्र माझं उत्तर आठवणार आहे. घरच्यांनी होकार कळवायचा की नाही, ते मला रविवारपर्यंत ठरवायचंय. तिलाही.