फाटलेला आवाज

माणसाला कशाचे वेड लागेल याचा नेम नाही. मला लागले ते आवाजाचे. गायचे नव्हे, नुसता मोठा आवाज करायचे!

आमच्या आबांची वडापची जीप आहे. राधानगरी रस्त्यावर त्यांची रोजची फेरी असते. तिच्यातला जुना टेप खरखरायचा. शिष्यवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा आबा म्हणाले, ''स्टेपनी पार गुळगुळीत झाली आहे, तेवढं बघूया.'' पण मी ते पैसे घेऊन दुकान गाठले आणि नवा डेक व दोन स्पीकर घेऊन घरी आलो. डेकच्या खोक्यावर चार गुणिले पन्नास वॅट असे छापलेले होते. स्पीकर साठ वॅटचे. म्हटले, आता भीती कसली? बेस पूर्ण चढवला, आवाज पूर्ण सोडला. मागच्या बाकावरच्या म्हातारीने पदर कानांवर ओढून घेतला.

आबा एवढेच म्हणाले, ''लेका, आवाज फाटतोय. जरा बारीक कर.''

मी हसलो. ''आबा, तुम्हाला जुन्या टेपची सवय. हा नवा आवाज आहे.''

ते गप्प बसले. आठ दिवसांत एक बारीक जळका वास आला, आणि गाण्यातली झांज, टाळ, 'स' आणि 'श' ही अक्षरे नाहीशी झाली. उरली ती नुसती धपधप.

उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे स्पीकर नेले. मी तावातावाने विचारले, ''स्पीकर साठाचा, डेक पन्नासाचा. मग जळला कसा?'' मिस्त्रींनी कागद घेऊन एक गोल लाट काढली. गाडीच्या बॅटरीचे बारा व्होल्ट, इंजिन चालू असताना फार तर चौदा. तेवढ्यात असला डेक स्वच्छ आवाज देतो तो एका स्पीकरला वीसेक वॅटचाच. पन्नास हा खोक्यावरचा आकडा. बेस 6 डेसिबलने चढवला की चौपट शक्ती लागते. ती आणायची कुठून? मग लाटेचे माथे कापले जातात. मिस्त्रींनी पट्टी ठेवून लाटेचा माथा सपाट केला. सपाट लाटेत सरासरी शक्ती जवळजवळ दुप्पट होते, आणि कापलेल्या कडांतून मुळात नसलेले तीव्र सूर उपजतात. ते सारे जातात इवल्याशा ट्विटरवर. त्याची तार केसासारखी, सोसण्याची ताकद थोडक्या वॅटची. ती तापते, जळते.

''स्पीकर आधी ओरडून सांगतो,'' मिस्त्री म्हणाले, ''आवाज फाटला की थांबायचं. बेस शून्यावर ठेवायचा, हळूहळू चढवायचं, फाटायला लागलं की दोन घरं मागं यायचं.''

मी मान खाली घातली. हेच तर आबांनी सांगितले होते. कागद-पट्टीवाचून, नुसत्या कानाने. तीस वर्षे इंजिनाचा आवाज ऐकून गाडी ओळखणारा तो कान. मी त्याला अडाणी ठरवला होता.

आपल्या कोल्हापूरच्या दरबारी गायलेले अल्लादियाखाँसाहेब (1855–1946) तरुणपणी एका संस्थानात लागोपाठ अनेक दिवस गायले आणि त्यांचा आवाज गेला. परत आला तो पूर्वीचा नव्हता. खाँसाहेबांनी मग त्याच आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली. पुढे तिलाच जयपूर-अत्रौली म्हणू लागले. मर्यादा ओळखून केवढे उभे करता येते! मी मात्र विसात पन्नास शोधत बसलो.

नवे ट्विटर बसवले. राहिलेल्या पैशांत स्टेपनी काही येईना. सुट्टीत एका दुकानात हिशेब लिहून ते पैसे उभे केले. परवा जीपमध्ये आबांच्या शेजारी बसलो होतो. डेक मी लावला, पण बटणाला हात न लावता विचारले, ''आबा, एवढा पुरे?''

त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता बटण किंचित फिरवले. चढवले, बरे का! म्हणाले, ''इथवर चालतंय.''