आधी लगीन साल्हेरचं!

'तुमच्या जळगाव साइडला आहे काय गं? केळी आणि ऊन!'

पुण्यात आल्यापासून हा डायलॉग मी इतक्यांदा ऐकलाय की आता चिडायचंही सोडून दिलंय. त्यात खोटं काय आहे म्हणा! मी वरणगावची. म्हणजे भुसावळच्या शेजारची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. उत्तरेला तापी आणि तिच्या पलीकडे लांबवर सातपुड्याची निळसर रेघ. आमच्यासाठी डोंगर म्हणजे ती रेघ. ती बघायची असते, तिथे जायचं वगैरे नसतं. डोंगरात 'जायचं' असतं हे मला पुण्यात येऊन, अर्धा पगार ट्रेकिंग शूजवर उडवल्यावर कळलं. मग राजगड-तोरणा झाला, हरिश्चंद्रगड झाला, कळसूबाई तर दोनदा. खानदेशात मात्र मी फक्त दिवाळीला जायचे. फराळ करायला.

आणि मग जुलै २०२५ मध्ये पप्पांचा फोन आला. युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

'पेपर वाचला का? यादीत आपला साल्हेर आहे.'

'आपला कसला? तो नाशिक जिल्ह्यात आहे, पप्पा.'

'नाशिक जिल्हा झाला १८६९ ला. त्याआधी बागलाण खानदेशातच होतं. अन् तिथले लोक आजही अहिराणी बोलतात. मग कोणाचा झाला?'

पप्पांशी इतिहासात वाद घालायचा नसतो. उभी नोकरी वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात काढली, पण घरातलं कपाट भरलंय ते बखरींनी आणि गॅझेटिअरनी. गंमत म्हणजे या माणसाने आयुष्यात एकही किल्ला चढलेला नव्हता. शिफ्ट, ओव्हरटाइम, आमच्या शाळा, यातून राहूनच गेलं. 'एकदा परशुरामाच्या देवळापर्यंत जाऊन यायचंय,' ते म्हणाले. वय वर्षं त्रेसष्ट. रोज सकाळी पाच किलोमीटर चालणं. डावा गुडघा थोडा कुरकुरणारा.

मी लगेच हो म्हटलं. आणि लगेच त्यात माझा प्लॅनही घुसवला.

साल्हेर एकटा नाहीये. त्याला लागूनच पूर्वेला सालोटा नावाचा दुसरा किल्ला आहे आणि दोघांच्या मध्ये एक खिंड. वाघांबे गावातून त्या खिंडीत चढायचं, आधी सालोटा करायचा, परत खिंडीत यायचं, मग कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी साल्हेर चढायचा आणि पलीकडे साल्हेरवाडीत उतरायचं. तिथून जीपने वाघांब्याला परत. एका दिवसात दोन किल्ले, पूर्ण सर्किट! ट्रेकर मंडळींमध्ये या सर्किटला भाव आहे. साल्हेरची उंची १५६७ मीटर. आपल्या राज्यात त्याच्याहून उंच फक्त कळसूबाईचं शिखर, १६४६ मीटर. पण कळसूबाई काही किल्ला नाही. म्हणजे महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला आमच्या बाजूला आणि कँटीनमध्ये ऐकून घेत होते मी!

डिसेंबरातला शुक्रवार. पुण्याहून माझे दोन मित्र आणि एक मैत्रीण थेट नाशिक-सटाणामार्गे निघाले. मी आदल्या दिवशीच वरणगावला पोहोचले होते. पप्पांना घेऊन जळगाव, धुळे, साक्री, पिंपळनेर असा पश्चिमेकडे प्रवास. पिंपळनेर सोडलं की खानदेशाचं सपाट रान संपतं. रस्ता सेलबारीची डोंगररांग ओलांडून ताहाराबादला उतरतो आणि समोर जे दिसतं ते बघून मी गाडी बाजूलाच घेतली. सुळके, कडे, भिंती. मांगी-तुंगीची जोडगोळी एका बाजूला, मुल्हेर-मोरा-हरगड दुसऱ्या बाजूला. 'हे इतकं जवळ होतं?' मी म्हटलं. पप्पा काहीच बोलले नाहीत. चष्मा पुसत होते.

गडावर गुहा आहेत, तलाव आहे, तिथे राहण्याचे भन्नाट फोटो तुम्ही पाहिले असतील. आम्ही मात्र तंबू वाघांब्यातच, ओळखीच्या ओळखीतून मिळालेल्या एका शेतात ठोकले. पाठीवरचं वजन वाचतं, गडावर कचरा होत नाही आणि रात्री गरम भाकरी मिळते. तिन्ही कारणं खरी, पण तिसरं जास्त. शेताचे मालक दुसऱ्या दिवशी आमचे गाइड होणार होते. त्यांचा पहिला प्रश्न, 'पानी लिधं का?' आमच्याकडची लेवा बोली वेगळी, त्यांची अहिराणी वेगळी, पण पप्पा आणि ते दहा मिनिटांत असे गप्पांना बसले की जणू एकाच गल्लीतले. माझी पुण्याची गँग बावचळून बघत होती. मी भाव खाऊन घेतला.

रात्री शेकोटीभोवती पप्पांनी साल्हेरची लढाई सांगितली. बागलाण आधी बागुल राजांचं, मग १६३८ पासून मुघलांचं. १६७१ च्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी साल्हेर घेतला. तो परत मिळवायला मुघल फौजेने वेढा घातला आणि १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी चालून आले. गनिमी कावा नाही, रात्रीचा छापा नाही. उघड्या मैदानात, दिवसाढवळ्या, समोरासमोर. मुघल फौज पार मोडली. आपल्या बाजूचे सूर्याजी काकडे याच लढाईत पडले. 'अन् ते मैदान म्हणजे हेच सगळं,' असं म्हणून पप्पांनी अंधारात हात फिरवला. थंडी असली भारी होती की स्लीपिंग बॅगमधून तोंड बाहेर काढवत नव्हतं, तरी सगळ्यांनी ऐकलं.

पहाटे सहाला निघालो. खिंडीपर्यंतची चढण दमवते पण फसवत नाही. सव्वाआठला खिंडीत. उजेडात दोन्ही किल्ले अंगावर आल्यासारखे वाटतात, सालोटा तर जरा जास्तच. गाइड दादांनी एकदा पप्पांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. 'आधी साल्हेर करा,' ते म्हणाले. 'सालोटा मंग देखू.'

इथे मी माती खाल्ली.

'नाही हो, सालोटा आधी. तासा-दीड तासात वर, अकरापर्यंत परत. मग दिवस पडलाय साल्हेरला.' मोबाइलमधला प्लॅन दाखवत मी असं काही बोलले की जणू दोन्ही किल्ले माझ्या कॅलेंडरमध्ये बुक होते. पप्पा म्हणाले, 'तुम्ही या जाऊन. मी बसतो इथे.' सोबतीला गाइड दादांचा पुतण्या थांबला.

सालोटा चढताना मजा आली, खोटं कशाला बोलू! आधी आडवी वाट. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला सरळ दरी. मग घसारा, मग कोरलेल्या पायऱ्या. त्यातल्या काही गुडघ्याएवढ्या उंच, काही वरून कोसळलेल्या दगडांखाली गायब. पडके दरवाजे, पाण्याची टाकी. पावणेदहाला माथ्यावर. समोर अख्खा साल्हेर, वर परशुरामाच्या देवळाचा सुळका. फोटो सेशन जोरात.

उतरताना घसाऱ्यावर माझ्या पायाखालचा एक दगड सुटला. बस्स, एवढंच झालं. पण तो खाली आपटत राहिल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि मी मटकन खाली बसले. बसले ती उठेचना. पाय लटपटतायत, हात दगडाला चिकटलेले. दहा-बारा ट्रेक केलेली मी! मित्रांनी जोक मारले, मग धीर दिला, मग गप्प झाले. शेवटी गाइड दादा माझ्या खालच्या पायरीवर उभे राहिले. 'खाले नको देखू.' तोंड कातळाकडे, एक पाय, मग दुसरा. माझी टाच ते हाताने धरून जागेवर ठेवत होते. जिथे दहा मिनिटं लागायची तिथे तासाच्या वर गेला आणि नंतरही मी प्रत्येक पायरी बसून उतरले. खिंडीत आलो तेव्हा एक वाजला होता.

पप्पा सावलीला बसले होते. साडेचार तास! 'काय झालं?' त्यांनी माझा चेहरा बघून विचारलं. 'काही नाही,' मी म्हटलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

मग साल्हेर. हा चढ माझ्यासारख्या घाबरलेल्या माणसालाही जमतो, कारण करणाऱ्याने विचार करून केलाय. कातळात खोदलेल्या पायऱ्या, दरवाजे, नंतर कड्याच्या पोटातून जाणारी लांब आडवी वाट आणि तिच्या कडेने ओळीने गुहा. पप्पा हळू चढत होते, प्रत्येक दरवाजात थांबून कमानीला हात लावत होते. कोणीही घाई करा म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

साडेतीनला गंगासागर तलावापाशी पोहोचलो. काठाला रेणुकामातेचं देऊळ, वर गुहा आणि त्याच्याही वर, सर्वोच्च टोकावर, परशुरामाचं छोटंसं मंदिर. इथून बाण मारून परशुरामाने समुद्र मागे हटवला आणि कोकण तयार झालं म्हणतात. तलावापासून तिथे जायला अजून अर्धा-पाऊण तास.

गाइड दादांनी मान हलवली. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य बुडतो, साल्हेरवाडीची उतरण अडीच-तीन तासांची आणि त्यात पायऱ्या. वर गेलो तर अर्धा गड अंधारात उतरावा लागणार. मित्र म्हणाले, हेडटॉर्च आहेत की. मी पप्पांकडे बघितलं. ते देवळाकडे बघत होते. मग म्हणाले, 'नको. उतरायला उजेड लागतो.' आणि बूट काढून पाच मिनिटं तलावाच्या पाण्यात पाय सोडून बसले.

शेवटचा टप्पा टॉर्चच्या उजेडातच उतरलो. रात्री वाघांब्यात पप्पा खुशीत होते, कारखान्यातले किस्से सांगत होते, सगळे हसत होते. मला जेवण गेलं नाही.

तर तुम्ही जाणार असाल तर एवढंच करा. नाशिक-सटाणा-ताहाराबाद-मुल्हेर असा रस्ता आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात सालोट्याच्या वाटेला जाऊ नका, उन्हाळ्यात कुठल्याच वाटेला नको, तो आमचा उन्हाळा आहे! माणशी चार लिटर पाणी, गावातलाच गाइड, आणि ग्रिप गेलेले शूज घरी ठेवा. पहिल्यांदा जात असाल तर आधी साल्हेर, थेट परशुरामापर्यंत. सालोटा वेळ उरला तर, नाहीतर दुसऱ्या दिवशी. सर्किट वगैरे नंतर बघता येतं.

पप्पांनी मला त्याबद्दल आजपर्यंत एक शब्द विचारलेला नाही. पण परवा आईकडून कळलं की गाइड दादांचा नंबर त्यांनी तेव्हाच घेऊन ठेवला होता आणि दोघांचं फोनवर सगळं ठरलंय. साल्हेरवाडीतून चढायचं, पहाटे पाचला, चालणं फक्त साल्हेरचं. सुट्टी मिळत असेल तर मलाही यायला सांगितलंय.