हंड्यावरचे नाव

दिवाळी जवळ आली की घरातील स्त्रिया माळा आवरायला काढतात आणि पुरुष मंडळी नेमक्या त्याच दिवशी बाहेर पडण्याचे निमित्त शोधू लागतात. गेल्या वर्षी ते निमित्त आम्हांला आमच्या शाळेतील चित्रकलेच्या सरांनी पुरविले. "चला, ओशिवऱ्याला जाऊन जुन्या वस्तू पाहून येऊ," ते म्हणाले. म्हणजे घरची अडगळ चुकवून परक्याच्या अडगळीत शिरायचे! गणिताचे सर, बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी आणि मी असे तिघेही तत्काळ तयार झालो.

जुन्या वस्तू म्हटल्या की मुंबईकराच्या तोंडी चोरबाजाराचे नाव येते. पण आम्ही पडलो उपनगरवासी. घाटकोपरला मेट्रोत बसलो, अंधेरीला लोकल पकडली आणि राम मंदिर स्टेशनावर उतरून ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात दाखल झालो. पाडलेल्या घरांचे खांब आणि दरवाजे, मोडलेल्या चाळींचे कठडे, बंद पडलेल्या इराण्यांच्या खुर्च्या, सारे येथे येऊन पडते. त्यातले पुष्कळसे सिनेमाच्या सेटवर जाऊन पुन्हा एकदा संसार थाटते म्हणतात.

आम्ही ज्या दुकानात शिरलो तेथे माणसाला सरळ चालण्याची सोय नव्हती. एका खांद्याने कपाट चुकवावे तो दुसरा झुंबराला लागे. गणिताच्या सरांनी वाकवलेल्या लाकडाची एक काळी खुर्ची गाठली आणि ते जे बसले ते उठेनात. त्या घाटाची खुर्ची व्हिएन्नाच्या थोनेटने १८५९ साली प्रथम काढली, असे चित्रकलेचे सर सांगू लागले. गणिताच्या सरांना मात्र तसल्या खुर्चीवर बसून खाल्लेला ब्रून मस्का आठवत होता. मग एका कपाटामागून काचेतली लक्ष्मी निघाली. रविवर्म्याच्या छापखान्याची. तो छापखाना १८९४ साली निघाला आणि मळवलीला जाण्यापूर्वी घाटकोपरला होता, हे ऐकताच बँकवाल्यांनी "म्हणजे ही लक्ष्मी आमच्या गावची!" असे म्हणून हात जोडले, आणि किंमत ऐकून सोडले.

मी तांब्यापितळेच्या ढिगापाशी उकिडवा बसलो होतो. एकेक भांडे उचलावे, उजेडाकडे फिरवावे, काठाखाली पाहावे आणि खाली ठेवावे. मित्रांना वाटले, याला भांड्यांतले कळते. मी नावे वाचीत होतो.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची चाल आहे. भांडे विकत घेतले की दुकानातलाच एक माणूस पोलादी खिळ्यावर बारीक ठोके देत ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरे उठवी. कोणाला, कोणाकडून, कोणत्या तारखेला. लग्नकार्यात भांडी आळीभर फिरत. नाव असले म्हणजे ती बरोबर घरी परत येत. ज्या बायकांनी उखाण्यावाचून जन्मात नवऱ्याचे नाव घेतले नाही, त्यांच्या घागरीवर ते साऱ्या नळाला वाचता येई!

माझ्या आईचा तांब्याचा हंडा असाच होता. तिच्या मामाने लग्नात दिलेला. चाळीत पहाटे पाणी यायचे आणि नळाच्या रांगेत आईच्या जागी हंडा उभा असायचा. नाव घातलेला, म्हणून कोणी तो मागे सारीत नसे. २०१६ साली चाळ पाडायची ठरली. भाड्याच्या जागेत जायचे, ती जागा एवढीशी. आई तेव्हा बहिणीकडे होती. मी मोडवाल्याला बोलावले. त्याने हंडा काट्याला अडकविला, पंधराशे रुपये माझ्या हातावर ठेवले, आणि पुढे त्याने तो चेपला की तसाच नेला, हे पाहायला मी दारात थांबलो नाही. आईला सांगितले, हंडा गावी पाठविला. ती दर दिवाळीला विचारते आणि मी दर दिवाळीला तेच उत्तर देतो. वर्गात मुलांना 'निबंधात मनातले खरे लिहा' म्हणून सांगणारा मी!

तो हंडा तेथे नव्हता. असण्याचे काही कारणही नव्हते. ढिगाच्या तळाशी एक कळशी मात्र निघाली. 'चि. सौ. कां.' आणि पुढे एक नाव. ते मी येथे लिहीत नाही. ते त्या बाईंचे आहे. त्याखाली 'मामाकडून', आणि १९६१ सालची वैशाखातली तिथी.

मी अक्षरांवरून बोट फिरवीत आहे असे पाहून दुकानदार म्हणाला, "नाम नहीं चाहिए तो घिस के देता हूँ, साहब. एकदम प्लेन."

"नको, नको," मी म्हणालो. मी इतक्या मोठ्याने बोललो की गणिताचे सर खुर्चीवरून उठले. बँकवाल्यांनी घासाघीस करून अडीच हजारांवर सौदा आणला. "पण कशाला हवी तुम्हांला ही?" त्यांनी विचारले.

"फुले ठेवायला," मी म्हणालो. सवय!

परतीच्या गाडीत चित्रकलेचे सर पुण्याच्या दिनकर केळकरांविषयी बोलत होते. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याची आठवण म्हणून केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी जमविली आणि १९७५ साली तो सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. मी कळशी मांडीवर धरून ऐकत होतो आणि मधूनच "हो का?" म्हणत होतो.

घरी आलो तेव्हा माळा आवरून झाला होता. आई पलंगावर बसली होती. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. मी कळशी तिच्यापुढे ठेवली. तिने ती ओढून मांडीवर घेतली, काठ चाचपला आणि ठिपक्यांवरून बोट नेले. एकदा नेले, पुन्हा नेले.

"हे आपले नाव नव्हे," ती म्हणाली. "कोण रे ही?"

मग मी सांगितले. मोडवाला, काटा, गावाकडची थाप, सारे सांगितले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मोडीत किती आले?"

"पंधराशे."

"सहा किलोचा हंडा होता तो. फसवले मेल्याने तुला!" असे म्हणून तिने सुनेला हाक मारली आणि कळशी घासायला चिंच भिजत घालायला सांगितली.