दादाऐवजी वहिनी

मला बायपोलर आहे. बरा असलो की मुरुमला आडतीवर हिशेब लिहितो. चढलं की झोप उडते, तोंड थांबत नाही, पैसा हातात राहत नाही. एकदा तुरीची पट्टी घेऊन निघालो आणि घरी येईपर्यंत सगळी वाटून टाकली. गावात कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं लग्न करून टाका. शेवटी दादानं चौघांकरवी जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं. तिथल्या इंजेक्शननं मान वाकडी होऊन बसली. सांगणार कुणाला? वेड्याची तक्रारही आजारातच जमा.

पुढं लिथियमसाठी रक्त तपासायला गेलो, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी 2017 चा मानसिक आरोग्य कायदा समजावला. तो 29 मे 2018 पासून लागू आहे. निर्णय घेण्याची क्षमता उद्या गेली तर उपचार कसे करा, कसे करू नका, आपल्या वतीनं कोण बोलेल, हे सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. जिवावर बेतलं तर मात्र तातडीच्या उपचारांना हा कागद आड येत नाही.

मी लिहिलं : हॅलोपेरिडॉल नको, मान अखडते. बांधू नका. देवऋष्याकडं नेऊ नका. भूल न देता शॉक कायद्यानंच बंद आहे, ते लिहावं लागलं नाही. शिवाय, मी कितीही शिव्या दिल्या तरी मोबाइल आणि पासबुक काढून घ्या. अशा कागदात नुसते नकार असतील असं लोकांना वाटतं. माझ्या कागदात परवानग्याही आहेत.

प्रतिनिधी म्हणून वहिनीचं नाव घातलं आणि घरात वाजलं.

"मी मेलो का? बिलं कोण भरतंय?"

"तूच भरतोस. पण तू घाबरतोस दादा, आणि घाबरलास की जीप बोलावतोस."

रात्री तीनला मी अंगणात फिरतोय, हे घरात आधी कळतं ते वहिनीलाच. गोळी घेतली का, एवढंच ती विचारते. प्रतिनिधीची लेखी संमती लागते. ती म्हणाली, "भावजी, सही कुठं करू ते दाखवा."

नावं क्रमानं देता येतात, म्हणून दुसरं दादाचं घातलं. तो अजून धुसफुसतोच. डॉक्टरांच्या तारखा मात्र त्याच्याच मोबाइलमध्ये असतात.