स्पीकरचा ताप

मुलांनो, तुम्हाला ताप आला की आई कपाळाला हात लावून बघते. पण स्पीकरला ताप आला तर?

शनिअमावास्येला शनिशिंगणापूरला केवढी गर्दी लोटते! अशा गर्दीत चुकलेल्या मुलाचं नाव पुकारायला लाउडस्पीकरच लागतो. तो ऐन वेळी मुका झाला तर? म्हणून माझं लक्ष आधी स्पीकरकडे जातं.

त्याच्या आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. दिलेल्या विजेतली थोडीच आवाज होते, बाकीची उष्णता! वेटोळं फार तापलं की जळतं. आत थर्मामीटर कसा घालणार? पण तांबं स्वतःच थर्मामीटर आहे. ते १० अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. गाणं चालू असतानाच कानाला न कळणारा विजेचा संकेत सोडायचा, त्याचं व्होल्टेज आणि करंट मोजायचा आणि भागाकार करायचा. हाच शाळेतला ओहमचा नियम! थंड असताना ६ ओहम आणि आता ७.२ भरला, तर वेटोळं सुमारे ५० अंशांनी तापलंय.

आज काही मोबाइलमधल्या चिप हेच गणित सतत करतात आणि आवाज आपोआप उतरवतात. जिथं अशी सोय नसते, तिथं मी ऑपरेटरला एवढंच म्हणतो, "दादा, आवाज जरा बेतानं. संध्याकाळीही कुणाचं तरी लेकरू चुकेल!"