मोटारीचा पट्टा

मोटारगाडीविषयी बोलणे निघाले म्हणजे लोक तिचा रंग, तिचा वेग आणि तिची किंमत यांविषयी बोलतात. तिच्या पट्ट्याविषयी कोणी बोलत नाही. बोलण्यासारखे त्यात आहे तरी काय? करंगळीएवढ्या रुंदीचे एक काळे रबरी कडे ते. तथापि पुष्कळ गाड्यांत एवढ्याशा कड्यावर सबंध यंत्राचा जीव अवलंबून असतो. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकास एक खाचेचे चाक असते. त्याची गती या पट्ट्याच्या द्वारे दोन ठिकाणी पोचते : एक, इंजिनाभोवती पाणी खेळविणारा पंप, दुसरे, बॅटरी भरणारा अल्टरनेटर. पट्टा तुटला की ही दोन्ही कामे एकाच क्षणी थांबतात.

यातील घातक गोष्ट ही की गाडी मात्र थांबत नाही. बॅटरीतील शिल्लक विजेवर ती पूर्ववत धावत असते, आणि आत पाणी जागच्या जागी उकळू लागते. चालकासमोर बॅटरीचा तांबडा दिवा लागतो. पण ‘बॅटरीचे काय ते घरी जाऊन पाहू’ असे म्हणून पुष्कळ जण पुढे जातात. तोवर इंजिनाचा अ‍ॅल्युमिनियमचा माथा तापून वाकतो आणि थोडक्या पैशांच्या वस्तूपायी हजारोंचा खर्च उभा राहतो. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्या पालकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे की, धावत्या गाडीत तो दिवा लागला तर प्रथम बाजूस थांबावे व इंजिन बंद करावे.

आमच्या घरी मारुती ८०० आहे. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात प्रथम ग्राहकाच्या हाती आली व २०१४ च्या आरंभी तिची निर्मिती बंद पडली. परंतु आमच्या पंचक्रोशीत ती अद्याप दृष्टीस पडते. आमच्या मातुःश्रींना डायलिसिससाठी सोमवारी व गुरुवारी कोल्हापुरास न्यावे लागते. कोडोलीहून वाठार, तेथून महामार्गाने शिरोलीचा पंचगंगेचा पूल, असा आमचा नित्याचा मार्ग. उसाचा हंगाम सुरू झाला की वाठारपर्यंत गाडी अक्षरशः मुंगीच्या पावलाने चालते. पुढे उसाने लादलेला ट्रॅक्टर, मागे दुसरा, आणि मध्ये आम्ही. इंजिन तापण्यास याहून अनुकूल परिस्थिती कोणती?

गेल्या डिसेंबरात सकाळी गाडी सुरू करताच एक कर्कश किंकाळी ऐकू येऊ लागली. मातुःश्रींचे कान अद्याप तीक्ष्ण आहेत. त्या म्हणाल्या, “गाडी अशी का रे रडते?” एका ठिकाणी गाडी दाखविली. तेथील कारागिराने पट्ट्यावर कसलासा फवारा मारला आणि आवाज बंद झाला. दोन दिवसांनी तो पुन्हा आला. पूर्वी गावच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरू लागला की त्यावर राळ टाकीत, त्यातलाच हा प्रकार. साक्षीदाराचे तोंड बंद केल्याने गुन्हा नाहीसा होत नाही. पट्टा ओरडतो तो घसरतो म्हणून. आणि घसरतो तो ढिला झाला, झिजला किंवा त्यावर तेल पडले म्हणून. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात पट्टा उलटा पिळून पाहिला. आतल्या बाजूस आडव्या भेगा पडल्या होत्या, कडेची सुते सुटली होती आणि दोन्ही कडांना काचेसारखी चकाकी आली होती. रविवार उपासनेचा, सोमवारी जाणे चुकविता येत नाही. जे करावयाचे ते त्याच दिवशी करणे प्राप्त होते. दुकानातून त्याच क्रमांकाचा नवा पट्टा आणला. जुन्याच्या लांबीवरून नवा घेऊ नये, कारण वापराने पट्टा ताणला गेलेला असतो. त्यावरील क्रमांक पाहावा.

बॅटरी धरण्यास शेजारचा नववीतला एक मुलगा आला होता. त्याने विचारले, “सर, गिरणीचा पट्टा सपाट असतो, मग हा असा तिरपा का?” प्रश्न अगदी मार्मिक होता. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला, त्या काळी कारखान्यांतून छताखाली एक लांब दांडा फिरत असे व त्यावरून सपाट पट्टे खाली प्रत्येक यंत्रास गती देत. सपाट पट्ट्याची पकड वाढवावयाची तर चाके मोठी व दूर दूर हवीत. अठराव्या शतकात ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखविले की, पट्टा चाकास जितका अधिक वेढेल तितकी त्याची पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. मोटारीत एवढा वेढा देण्यास जागा कोठली? १९१७ साली अमेरिकेत डेन्व्हर शहरी जॉन गेट्स यांनी रबर व सूत यांचा तिरप्या बाजूंचा पट्टा काढला आणि ही अडचण दूर झाली. ओंडका फोडताना पाचर जशी फटीत रुतते, तसा हा पट्टा खाचेच्या दोन्ही भिंतींत रुततो. जितका ताण अधिक तितका तो अधिक घट्ट बसतो. म्हणूनच तो खाचेच्या तळास टेकता कामा नये. मी त्या मुलास आमच्या गाडीचे चाक दाखविले. खाचेचा तळ चकचकीत झाला होता, म्हणजे पट्टा झिजून अरुंद होऊन तळाशी बसला होता. पाचरच उरली नव्हती.

प्रत्यक्ष काम अवघड नाही, चिकट मात्र आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी. पान्याचा स्पर्श भलत्या ठिकाणी झाला तर ठिणगी उडते. अल्टरनेटर खाली एका बोल्टावर झुलतो व वर एका लांबट खाचेच्या पट्टीला बांधलेला असतो. हे दोन्ही ढिले करून तो इंजिनाकडे ढकलला की पट्टा सैल होऊन निघतो. जागा इतकी थोडी की मनगट कसेबसे शिरते. आमचा एक नट गंजून बसला होता. त्यावर तेल सोडून आम्ही अर्धा तास चहा घेतला. जोर लावून त्याचे कोपरे घासले असते तर सोमवार हातचा गेला असता. पट्टा निघाल्यावर दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. पंपाचे चाक डुगडुगले किंवा खरखरले, तर नव्या पट्ट्याने काही साधणार नाही. आमची दोन्ही निमूटपणे फिरली, तेव्हा जीव खाली पडला.

नवा पट्टा हातानेच बसवावा. डिस्मिसने रेटून चाकावर चढविला तर आतील दोरे तुटतात व ते बाहेरून दिसत नाहीत. मग लाकडी दांडक्याने अल्टरनेटर बाहेर रेटून धरून नट आवळावेत. ताण किती असावा, यावरच सारे आहे. मधोमध अंगठ्याने दाबले असता आमचा पट्टा सुमारे सात-आठ मिलिमीटर दबतो. अतिरेकी घट्टपणा हा आमच्याकडील हौशी लोकांचा आवडता दोष. त्यायोगे पंपाचे व अल्टरनेटरचे बेअरिंग मरते. झाकणाआड आणखी एक दातेरी पट्टा असतो, तो टायमिंग बेल्ट. त्याला घरी हात लावू नये. ते जाणत्या मिस्त्रीचे काम आहे व मिस्त्रीच्या विद्येचा मान राखलाच पाहिजे.

सोमवारी पहाटे गाडी सुरू केली. किंकाळी आली नाही. वाठारच्या अलीकडे उसाच्या रांगेत पाऊण तास गेला, पण तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. आणि प्रभूच्या कृपेने आम्ही वेळेवर पोचलो. नवा पट्टा प्रथम थोडा ताणतो, म्हणून पंधरवड्याने पुन्हा नट सोडून तो केसभर ताणून घेतला.

जुना पट्टा त्या मुलाने मागून नेला. प्रयोगशाळेत करवतीने कापून पाहिला, तर आत दोऱ्यांची एक ओळ निघाली. ताण सोसणारे ते दोरे. रबर केवळ चाक धरून ठेवण्यास. तो तुकडा आता विज्ञानाच्या कपाटात आहे. गाडीच्या डिकीत एक नवा पट्टा व दोन पाने ठेवले आहेत.